महामत्स्याच्या भेटीला

सांगलीहून मालदीवला निघालेल्या त्या दोन बॅगांपैकी एकीत खाकरे, मेतकूट, लसणाविना केलेले भडंग, राजगिऱ्याचे लाडू आणि पाणी गाळण्याचे दुपदरी कापड होते. दुसरीत पाण्याखाली वापरायचे चष्मे, पायांत चढवायचे रबरी पंख आणि मनगटावर बांधायचे दोन संगणक. दोन्ही बॅगा वहिनींनीच भरल्या होत्या. कोणत्या बॅगेचे वजन जास्त भरेल यावर अण्णांशी त्यांची पैजही लागली होती आणि ती भडंगाच्या बाजूने सुटली.

गल्लीत लहानथोर सगळे त्यांना अण्णा आणि वहिनी म्हणूनच ओळखतात. अण्णा पाटबंधारे खात्यात अभियंता, वय 56. वहिनी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात, वय 53. रोजचे मंदिर, अष्टमी-चतुर्दशीचे एकभुक्त, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, दशलक्षण पर्वातील स्वाध्याय हे सारे त्या घरात कोणी सांगून होत नाही. ते घड्याळासारखे चालते. अशा घरातील पन्नाशी ओलांडलेले दांपत्य पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरते हे ऐकून पुष्कळांनी भुवया उंचावल्या. त्याचे मूळ मात्र हौसेत नव्हते, पुरात होते. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले तेव्हा वहिनींनी दोन रात्री माडीवर दिव्याविना काढल्या. पुढे वर्षभर त्यांनी घाटाकडे पाऊल टाकले नाही. पुलावरून जाताना त्या डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत. शेवटी मुलानेच आग्रह करून दोघांना तारकर्लीच्या स्कूबा प्रशिक्षण केंद्रात नेऊन सोडले. पहिल्या दिवशी तलावात तोंड बुडवताना रडलेल्या वहिनी पाचव्या दिवशी मालवणच्या खडकांवर मासे मोजत होत्या. भीती गेली असे त्या म्हणत नाहीत. भीतीशी ओळख झाली, म्हणतात. पुढच्या वर्षी अंदमानातील स्वराज द्वीपावर दोघांनी तीस मीटरपर्यंत जाण्याचा परवाना मिळवला आणि लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसासाठी मालदीवचे फुवाहमुलाह बेट मुक्रर झाले, कारण तिथे टायगर शार्क दिसतात.

निघताना घरातील आजींनी, म्हणजे अण्णांच्या मातोश्रींनी, दोन प्रश्न विचारले. पहिला असा : "समुद्रस्नान पुण्याचं समजून करत नाही ना?" पुण्य मिळेल या समजुतीने नदीत वा सागरात स्नान करणे ही लोकमूढता होय, हे रत्नकरंड श्रावकाचार जाणणाऱ्या वाचकांस ठाऊकच आहे. अण्णा म्हणाले, "नाही आई, नुसती हौस." "मग ठीक," आजी म्हणाल्या, "हौसेचं पाप हौसेच्या नावावर राहू दे." दुसरा प्रश्न त्यांनी हसत विचारला : "एवढा महामत्स्य बघायला चाललात, तर त्याच्या कानात कोण बसलंय तेही बघून या." दोघेही हसले आणि रिक्षात बसले.

मुंबईहून माले सुमारे तीन तासांचे, तेथून लहान विमानाने दक्षिणेस आणखी दीड तास. त्या दीड तासात विमान विषुववृत्त ओलांडते. मालदीवची बहुतेक बेटे उथळ, शांत खाजणांभोवती गोल वसलेली असतात. फुवाहमुलाह तसे नाही. जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे हे बेट भर महासागरात एकटेच उभे आहे. किनाऱ्यालगत प्रवाळाची अरुंद पट्टी आणि तिच्या पलीकडे एकदम काळीशार खोली. खोल समुद्रातील मोठे जीव इथे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात ते यामुळेच. 2020 साली युनेस्कोने या बेटास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

भोजनाची अडचण अपेक्षेप्रमाणेच झाली. मालदीवच्या स्वयंपाकात टुना मासा कुठे नसतो असे नाही. सकाळच्या नारळाच्या चटणीतही तो असतो. अतिथिगृहाची मालकीण फार मायाळू बाई. हे पाहुणे मासे, मांस, अंडी काही घेत नाहीत हे कळल्यावर तिने बेटाची खासियत म्हणून मोठ्या प्रेमाने वाफवलेला पदार्थ पुढे ठेवला. तो अळूचा कंद निघाला! कंदमूळही चालत नाही हे तिला समजावून सांगताना वहिनींना अक्षरशः घाम फुटला. अखेर साधी रोशी, म्हणजे आपली पोळीच, किसलेला नारळ, केळी आणि पपई यांवर समेट झाला. एक गोष्ट मात्र बेटाने आपणहून सांभाळली. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे अण्णांना सूर्यास्ताची वेळ कधी शोधावी लागली नाही.

पहिले दोन दिवस दोघे प्रवाळभिंतीवर उतरले. ज्यांनी हे कधी केलेले नाही त्यांना त्याची कल्पना देणे कठीण आहे. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. कानांत दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घातली की ते सुटतात. लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, त्यामुळे पंधरा मीटरवर वहिनींच्या हातातील लाल दोरा राखाडी दिसत होता. शरीर ना बुडते ना तरंगते. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. ध्यानाच्या वर्गात श्वासाकडे पाहा असे सांगितले जाते. इथे दुसरे काही पाहायचे झाले तरी आधी श्वासाकडे पाहावे लागते. पाण्याखाली बोलता येत नाही. तीस वर्षांच्या संसारात इतके सलग मौन आम्ही प्रथमच पाळले, असे अण्णा नंतर सांगत असत आणि वहिनी त्यांना डोळ्यांनी दटावत असत.

वहिनींची वही हा एक स्वतंत्र विषय आहे. प्रत्येक फेरीची नोंद ठेवण्याची पाणबुड्यांची रीत असते : किती खोल, किती मिनिटे, किती हवा उरली. खाली सोबत्याची सही. पाण्यात एकट्याने उतरायचे नाही, एकमेकांची हवा, एकमेकांची खूण सांभाळायची हा या विद्येचा पहिला नियम, म्हणून ही सही. वहिनींनी त्या वहीत आणखी एक रकाना आखून घेतला होता : इंद्रिये. शंख द्वींद्रिय, खेकडा त्याच्या वरचा, मासे आणि कासव पंचेंद्रिय. प्रवाळापाशी त्यांची लेखणी अडली. आपल्या ग्रंथांत प्रवाळ पृथ्वीकायात, रत्नांच्या ओळीत येतो. जीवशास्त्र सांगते की ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. वहिनींनी दोन्ही लिहिले आणि पुढे लिहिले, "कसेही मोजले तरी जीव. हात लावू नये." शार्कपाशी दुसरी गंमत झाली. शार्कच्या मुस्कटावर बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून त्याला इतर जीवांच्या स्नायूंतून निघणारी क्षीण वीज जाणवते. वाळूखाली दडलेला मासाही त्यातून सुटत नाही. "याला सहावं म्हणायचं की स्पर्शातच धरायचं?" असे त्यांनी अण्णांना विचारले. अण्णांनी तो प्रश्न सांगलीच्या पंडितजींसाठी राखून ठेवला.

तिसऱ्या दिवशी टायगर शार्कची फेरी होती. तिच्याचसाठी हा सारा प्रवास. पैसे दोन महिन्यांपूर्वीच भरलेले. आदल्या संध्याकाळी दोघे बंदराच्या भिंतीवर बसले असता त्यांचा मार्गदर्शक, बेटावरचाच एक तरुण, सकाळची माहिती देण्यास आला. टायगर शार्क याच बंदराच्या तोंडाशी का येतात ते त्याने सांगितले. कोळी टुना साफ करून त्याचे अवशेष वर्षानुवर्षे इथे टाकत आले, त्या वासाने शार्क येऊ लागले. आतापर्यंत दोनशेहून अधिक वेगवेगळे टायगर शार्क त्यांच्या अंगावरील खुणांवरून ओळखले गेले आहेत आणि त्यांत बहुतेक माद्या आहेत. मग त्याने सहज सांगितले की, सकाळी ते टुनाची काही डोकी बरोबर नेतात आणि दहाएक मीटर खोलीवर दगडाखाली दाबून ठेवतात. शार्क दगड हलवीत राहतात, त्यामुळे पाहुण्यांना त्यांना जवळून पाहता येते.

वहिनींनी एकदम अण्णांकडे पाहिले. अण्णा समुद्राकडे पाहत होते.

त्या रात्रीचा वाद या लेखास कारण झाला असल्याने तो थोडा सविस्तर सांगणे भाग आहे. अण्णांची बाजू लेचीपेची नव्हती. टुना आपल्यासाठी मारलेला नाही, ते म्हणाले. तो बाजारासाठी धरला, त्याचे मांस विकले गेले, डोके कचऱ्यात जाणार होते. ते आपण आलो म्हणून जास्त मेलेले नाही आणि न आल्याने एकही कमी मरणार नाही. शार्क निसर्गतः मांसाहारी; त्याला उपवास घडवणारे आपण कोण? शिवाय याच माशांची या देशात पूर्वी शिकार होत असे. त्यांच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना चोपडत. 2010 साली मालदीवने आपल्या सर्व समुद्रात शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, ती टिकली ती पर्यटकांमुळेच, कारण जिवंत शार्क मेलेल्यापेक्षा अधिक मिळवून देतो हे लोकांना पटले. जगात वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारले जातात असा शास्त्रज्ञांचा 2013 सालचा अंदाज आहे. पुष्कळांचे केवळ पंख कापून घेतात. उलट शार्क माणसाला आपणहून चावल्याच्या घटना साऱ्या जगात मिळून वर्षाला शंभरही होत नाहीत. "मग आपले पैसे कुणाच्या बाजूला पडले?" अण्णांनी विचारले. "हिंसेच्या की अहिंसेच्या?"

वहिनींनी सारे शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, "अहो, हिंसा चार प्रकारची सांगितली आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला शेवटच्या तिन्हींत थोडी सवलत आहे. घर चालवायचं असतं, पोट भरायचं असतं, जीव वाचवायचा असतो. हे यांपैकी कशात बसतं?"

अण्णा म्हणाले, "कशातच नाही."

"म्हणजे पाचवा प्रकार काढायचा. सहलीची हिंसा."

अण्णांना हसू आले, पण ते पुरते हसले नाहीत. वहिनी पुढे म्हणाल्या, "मारलं आपण नाही, मान्य. मारायला सांगितलं नाही, तेही मान्य. पण उद्याच्या तिकिटात त्या डोक्याचे पैसे आहेत. ते डोकं बघून आपल्याला बरं वाटणार आहे, कारण ते नसेल तर शार्क जवळ येणार नाही. कृत नाही, कारित नाही, पण अनुमोदना कुठे जाते?"

बँकेत कर्जाचे कागद पाहिलेल्या कोणालाही हे चटकन समजेल. पैसे दुसऱ्याने उचललेले असतात, उडवलेलेही दुसऱ्यानेच. जामीनदाराने एक रुपयाही पाहिलेला नसतो. तरी नोटीस निघते ती त्याच्याही नावाने, कारण खाली सही त्याची असते. आपल्या आचार्यांनी मन-वचन-काया आणि कृत-कारित-अनुमोदना असा जो नऊ घरांचा तक्ता मांडला, त्यात जामीनदारास सुटायला वाट ठेवलेली नाही.

अण्णांनी गुजरातचे उदाहरण काढले. तिथे वेरावळच्या किनाऱ्यावर एकेकाळी व्हेल शार्कची बेसुमार कत्तल होत असे. 2001 साली त्या माशाला वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले, तरी तो वाचला तो मोरारीबापूंनी कोळ्यांना घातलेल्या सादेमुळे. लेक बाळंतपणाला माहेरी येते तसा हा मासा आपल्या किनाऱ्याला येतो, असे त्यांनी सांगितले. आज तिथले कोळी आपली महागडी जाळी कापून त्याला सोडून देतात. माणसाच्या भावनेला हात घातल्यावाचून जीव वाचत नाहीत आणि पाहिल्यावाचून भावना जागी होत नाही, असे अण्णांचे म्हणणे.

"त्या कोळ्यांनी मासा वाचवण्यासाठी स्वतःचं जाळं कापलं," वहिनी म्हणाल्या. "आपण काय कापतोय?"

यावर अण्णा चिडले. तीस वर्षांत एकदा काही मागितले होते, तेही तुझ्या त्या चार प्रकारांत बसत नाही, असे काहीसे बोलून गेले. वहिनींनी उलट उत्तर दिले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तुम्ही जा. मी अडवणार नाही. पण मी उतरणार नाही." दिवा मालवला गेला. वाढदिवसाची रात्र तशीच सरली.

सकाळी अण्णा गेले. वहिनी बंदराच्या भिंतीवर सामायिकास बसल्या.

नियम कडक होते. प्रवाळाच्या कडेला पाठ टेकून रांगेत थांबायचे, हात अंगाशी, पोहत पुढे जायचे नाही, शार्कवरून नजर हटवायची नाही. पाठ दाखवली की त्याचे धारिष्ट्य वाढते. पहिली पाच मिनिटे निळ्याशिवाय काही नव्हते. मग त्या निळ्याचाच एक तुकडा दाट झाला. टायगर शार्क वेगाने येत नाही. सरकारी कचेरीतल्या बड्या साहेबासारखा, कोणाची पर्वा न करता, संथ येतो. मादी चार मीटरच्या आसपास होती. मुस्कट बोथट, रुंद, पाठीवर पट्टे. वयानुसार हे पट्टे पुसट होत जातात, तिचे जवळजवळ गेलेले होते. ती दोन हातांवरून गेली तेव्हा तिने अण्णांकडे पाहिले. तो काळाभोर डोळा कुठेही द्वेषाचा किंवा मायेचा नव्हता, असे ते सांगतात. तो फक्त पाहत होता. तिच्या पोटाला चार मासे चिकटून येत होते, डोक्यावरच्या चकतीने धरलेले, तिच्याच बळावर समुद्र हिंडणारे. अण्णांना भीती वाटली नाही. इतका मोठा, इतका पूर्ण जीव आपल्या शेजारून आपल्याला क्षमा करून गेला, एवढेच त्या क्षणी त्यांना वाटले. तेवढ्यावर ते वर आले असते तर हा लेख झाला नसता.

पण नंतर दगडापाशी गर्दी झाली. एकामागून एक सात शार्क आले. चार मीटरची ती मादी दगड नाकाने ढकलू लागली. तिने जबडा उघडला की पापणीसारखा एक पांढुरका पडदा तिच्या डोळ्यावर चढे. चावताना डोळ्याला इजा होऊ नये म्हणून निसर्गाने दिलेली ती तिसरी पापणी. दगडाखालून मांसाचे कण उडत होते आणि ते टिपण्यासाठी प्रवाळातले लहान लहान मासे तिच्या तोंडाशी धाव घेत होते. जबडा उघडला की आत, मिटायच्या आधी बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. अण्णांनी काठीवरचा कॅमेरा पुढे धरला होता. चित्र उत्तम येत होते. फक्त एक गोष्ट राहून जात होती. आणि त्यांच्या ध्यानात आले की आपण दात-ओठ घट्ट धरून मनात म्हणत आहोत, "आता मिट. आता मिट. एवढे निसटतायत, एक तरी धर."

तंदुलमत्स्याची कथा पाठशाळेत ऐकली नाही असे आपल्याकडे मूल नाही. महामत्स्य तोंड उघडून पडलेला, लहान मासे आत-बाहेर करीत असलेले आणि त्याच्या कानात, कोणी म्हणतात पापणीत, बसलेला तांदळाएवढा मासा. त्याचा जबडा कुणालाही मारू शकत नाही. तो नुसता पाहतो आणि नुसते म्हणतो की, मी याच्या जागी असतो तर एकही सोडला नसता. तेवढ्यावर तो सातव्या नरकात जातो. शिक्षा फारच कडक, असे लहानपणी अण्णांना वाटत असे. त्यांनी पंडितजींशी त्यावर वादही घातला होता. आता दहा मीटर पाण्याखाली, तोंडात हवेची नळी, समोर तो पांढुरका पडदा चढतो-उतरतो आहे, आणि आजींचा प्रश्न.

त्यांनी कॅमेरा खाली केला. टाकीत हवा उरलेली असूनही मार्गदर्शकाला वर जाण्याची खूण केली. त्याला ते घाबरले असे वाटले. पाच मीटरवर शरीरातला नायट्रोजन निघावा म्हणून तीन मिनिटे थांबावे लागते, ती तीन मिनिटे फार लांबली.

दिवसभर ते काही बोलले नाहीत. पाचच्या सुमारास, रोशी आणि नारळ पुढे असताना, त्यांनी वहिनींना सारे सांगितले. शब्दही लपवला नाही. मग म्हणाले, "तू डोक्याचा हिशेब करत होतीस. ते डोकं बाजूलाच राहिलं." वहिनींनी त्यांच्या ताटात केळे सोलून ठेवले. त्यांना जिंकल्यासारखे मुळीच वाटले नाही, हे त्यांनी नंतर आवर्जून सांगितले. आपण भिंतीवर बसून सामायिक करीत होतो खरे, पण अर्धे मन तो शार्क यांना चांगला दिसावा याच इच्छेत होते, असेही त्या म्हणाल्या. हिशेब कोणाचाच शून्यावर आला नाही.

चौथ्या दिवशी पहाटे दोघे पुन्हा एकत्र उतरले, आमिषाविना. बेटाच्या दुसऱ्या कडेला पंचवीस मीटरच्या खाली प्रवाळाच्या काही जागा आहेत, तिथे खोल पाण्यातले थ्रेशर शार्क पहाटे वर येतात. या शार्कची शेपटी त्याच्या उरलेल्या शरीराइतकी लांब असते आणि डोळा एखाद्या बाहुलीचा असावा तसा मोठा. येतील की नाही हे कोणी सांगू शकत नव्हते. दोघे कडेला टेकून थांबले. बारा मिनिटे काही आले नाही. वहिनी हवेच्या मापकाकडे पाहत होत्या. अण्णा वहिनींकडे पाहत होते.

मग एक आला. त्याने वेग कमी केला, जवळजवळ थांबलाच. या शार्कला फार काळ थांबता येत नाही. पाणी कल्ल्यांतून वाहते राहावे लागते. पण तो हळू हळू वळसे घालू लागला आणि प्रवाळातून बोटाएवढे निळे मासे निघून त्याच्या अंगावर आले. त्यांनी त्याच्या कल्ल्यांत चोची घातल्या, जबड्याच्या कडेने फिरले. त्याच्या त्वचेवरचे परजीवी खाऊन ते आपले पोट भरतात, त्याला साफ करतात आणि तो त्यांना गिळत नाही. परजीवी हेही जीवच, हे वहिनींच्या लक्षात आले होते. त्यांच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर तसे लिहिलेले आहे, प्रश्नचिन्हासह. तरीही त्यांनी अण्णांचा दंड घट्ट धरला आणि वर येईपर्यंत सोडला नाही.

पाण्यातून निघाल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जावे लागतात. तो दिवस त्यांनी बेटावरच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी काढला. मालकिणीने निघताना डबा दिला. त्यात कंद नव्हता.

सांगलीला पोहोचले तेव्हा आजी दारातच उभ्या होत्या. सामान आत येण्यापूर्वीच त्यांनी विचारले, "मग? कानात कोण होतं?" अण्णांनी आधी चपला काढल्या, हात-पाय धुतले आणि मग त्यांच्यासमोर बसून जे घडले ते सांगितले. आजींनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाल्या, "महाराज कुंभोजला आहेत. रविवारी जाऊन ये. मला सांगितलंस तसंच सांग." अण्णा गेले. तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी घरी सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही.

ती चित्रफीत त्यांच्या संगणकात अजून आहे. मुलाने दोनदा मागितली. नातेवाइकांना दाखवतात ती चौथ्या दिवशीची, थ्रेशर शार्कची, जरा अंधूक आलेली. वहीत मात्र तिसऱ्या दिवसाचे पान आहे : खोली दहा मीटर, वेळ सव्वीस मिनिटे, टायगर शार्क सात. मार्गदर्शकाचा शिक्का आहे. अण्णांनी एकदा ती वही आणि लेखणी वहिनींपुढे ठेवून पाहिली होती. वहिनींनी पान वाचले, खोलीच्या आकड्यापुढे राहिलेले एकक नीट लिहिले आणि वही मिटून परत दिली. सोबत्याच्या सहीची जागा अजून कोरी आहे.